हिरवळीवर पाय ठेवू नये

माझ्या सासऱ्यांना ‘हरकत नाही’ म्हणायची सवय आहे आणि त्या उन्हाळ्यात त्या दोन शब्दांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. भाजीत मीठ पडायचं राहिलं, हरकत नाही. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारचं ऊन थेट त्यांच्या पलंगावर यायचं, पडदा लावून देऊ का विचारलं, हरकत नाही. आता याचा अर्थ ‘लावा’ की ‘नका लावू’? सासूबाईंचं बरं होतं. ‘तुमच्या इथलं दही मेलं आंबतच नाही,’ असं त्या तोंडावर सांगायच्या, मी वैतागायची आणि विषय संपायचा. बाबांच्या बाबतीत मात्र त्यांचा अख्खा मुक्काम मी अंदाजपंचे काढला.

तोंडाने त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि तीही इकडे यायच्या आधी, फोनवर. त्यांना इंग्लंडमधलं, खेड्यातलं, जुनं मोठं घर बघायचं होतं. लंडन नको, राणीचा राजवाडा नको, नदीवरचा पूल नको. जमीनदार लोक राहायचे तसलं एक घर, बस्स.

यामागे एक कारण होतं. बाबांनी सगळी नोकरी दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवण्यात घालवली. पाठ्यपुस्तकं बदलायची, पण असल्या घरात घडणारा एखादा धडा फिरून फिरून यायचाच. त्यात ड्रॉइंग रूम असायची, लायब्ररी असायची, फायरप्लेस असायची आणि घरापुढे लॉन असायचं. पोरांनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. सरांनीही नव्हतं. म्हणून बाबा पोरांना घेऊन मैदानात जायचे आणि कबड्डीच्या रेषा आखायच्या फक्कीने जमिनीवर ते अख्खं घर काढायचे. पोरांनी दारातूनच आत यायचं, भिंतीतून घुसेल त्याला बाहेर काढायचं. घर फिरून झालं की शेवटी पुढच्या मोठ्या चौकोनात सगळ्यांना उभं करायचं. तो लॉन. मैदान मुरमाचं आणि निम्म्याहून जास्त पोरं अनवाणी. ‘डोळे मिटा,’ बाबा सांगायचे, ‘पायाखाली हिरवंगार गवत आहे. आता सांगा, कसं लागतं?’ आणि पोरं एका सुरात ओरडायची, ‘मऊ लागतंय, सर!’ हे मला नवऱ्याने लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. तो त्याच शाळेचा, त्याच वर्गातला.

‘मी पोरांना बरोबर सांगितलं का, तेवढं एकदा बघायचंय,’ बाबा फोनवर म्हणाले होते.

एवढीशी मागणी. आणि तिचा आम्ही विचका केला. आम्ही म्हणजे माझ्या नवऱ्याने. हा माणूस गाडीच्या कारखान्यात ब्रेकचं डिझाइन करतो, एका मिलिमीटरसाठी आठवडाभर मीटिंगा घेतो. पण आईवडिलांचा व्हिसा ‘युरोपचा’ झाला म्हणजे इंग्लंड त्यात आलंच, असं त्याने धरून टाकलं. तिकडे गावाकडच्या एजंटनेही तेच धरलेलं. विमानाची तिकिटं काढून झाली, हॉटेल ठरलं, सासूबाईंनी तिथल्या थंडीसाठी स्वेटर वेगळे काढले. मग कँटीनमध्ये कोणीतरी सहज विचारलं, ‘त्यांचा यूकेचा व्हिसा कुठून केलास?’ आणि हा घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. तेव्हा इंग्लंडमध्ये युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर भांडणं चालू होती. आमच्यापुरतं ते आधीच बाहेर पडलेलं होतं. नवा अर्ज करायला वेळ उरला नव्हता.

मी घरभर भांडी आपटत फिरले. नवरा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बाबांना सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘हरकत नाही,’ ते म्हणाले.

मला रडू यायचं बाकी राहिलं.

मग इंटरनेट खणून खणून मी ते घर शोधलं. बाड हॉम्बुर्गच्या पलीकडे, डोंगर उतरून गेलं की एका खेड्याबाहेर. कधीकाळी एक इंग्रज मुलगी तिथे लग्न होऊन आली, तिला जर्मन घर रुचेना, म्हणून नवऱ्याने तिच्या माहेरासारखं घर बांधून दिलं, लॉनसकट. गवताचं बीसुद्धा तिकडून आणलं म्हणे. थोडक्यात, जर्मनीत बांधलेलं इंग्रजी घर. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं तरी. फक्त रविवारी उघडं, दुपारी एकच फ्युरुंग, म्हणजे गाईडबरोबर फेरी, आणि तीही जर्मनमधून. आईबाबा गुरुवारी परत जाणार होते. म्हणजे तो रविवार शेवटचा.

निघाल्यापासून सगळं उलटं. एका लहान गाडीत आम्ही पाच जण. मागे मधे आमची आठ वर्षांची मुलगी आणि मांडीवर दशम्यांचा डबा धरून सासूबाई. डोंगर उतरल्यावर रस्ता बंद आणि उमलाइटुंगची पिवळी पाटी: इकडून वळा. वळलो. पुढे दुसरी पाटी, इकडून वळा. तिसऱ्या वळणानंतर आम्ही पुन्हा त्याच बंद रस्त्यापाशी येऊन उभे. नवरा म्हणाला, ‘पाटीवर तर बरोबर दिलंय.’ मी म्हटलं, ‘मग पाटीलाच विचार पुढे कसं जायचं ते.’ रविवारचं खेडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बेकरी बंद, खिडक्यांची शटरं खाली, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आणि मधूनच शेणाचा वास. सासूबाईंनी त्या वासासाठी काच खाली केली आणि दीर्घ श्वास घेतला. ‘हां,’ म्हणाल्या, ‘इथे माणसं राहतात हो.’ मुलीने नाक धरलं आणि जर्मनमधून तक्रार सुरू केली. आजी मराठीत तिला शेणाचे फायदे सांगत होती, नात जर्मनमधून ‘इगिट, इगिट’ करत होती आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

शेवटी पोचलो. तर घर दिसेना. म्हणजे घर होतं, पण पुढची सगळी बाजू लोखंडी परांचीने आणि जाळीने झाकलेली. दुरुस्ती चालू. जाळीवर घराचा मोठा फोटो छापून लावला होता, म्हणजे आत काय आहे ते लोकांना कळावं. बाबा बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले.

‘वेबसाइटवर हे नव्हतं,’ मी म्हटलं.

‘अगं, हरकत नाही. छान काढलाय फोटो.’

घरापुढे लॉन मात्र होतं. मोठं, सपाट, कडेने नीट कापलेलं. आणि त्याच्या चारी बाजूंना छोट्या छोट्या पाट्या: हिरवळीवर पाय ठेवू नये. त्याशिवाय कुत्री नकोत, चेंडू नको, सायकल नको, आवारात डबे उघडून खाणं नको. तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीपाशी उभं राहून गुळाच्या दशम्या खाल्ल्या. बाबांना साखरेचा आजार, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा ज्वारीचा धपाटा होता. तो खाताना ते सारखे लॉनकडे बघत होते.

‘आपल्या मैदानापेक्षा मोठं आहे का रे?’ त्यांनी मुलाला विचारलं.

‘आपलं मोठं होतं,’ नवरा म्हणाला. ‘चौकोन तुम्ही लहान काढायचात. फक्की पुरायची नाही.’

फेरीची वेळ झाली. पायऱ्यांवर एक गाईड बाई उभ्या होत्या. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, गळ्यात किल्ल्या. मी विचारलं, थोडं इंग्लिशमधून सांगता येईल का? ‘लायडर निष्ट,’ त्या म्हणाल्या. दिलगीर आहे, जमणार नाही. म्हणजे भाषांतराचं कामही माझंच. आत गेल्यावर लाकडाची एक मोठी पेटी होती, तिच्यात जाड लोकरी फेल्टचे मोठाले करडे सपाते. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून ते आपल्या बुटांवरून चढवायचे. मी हे आईबाबांना सांगायला वळले, तर दोघेही मोज्यांवर उभे.

‘बूट कुठेत?’

‘बाहेर काढले की,’ सासूबाई म्हणाल्या. ‘कोणाच्या घरात बूट घालून जायचं का?’

खरंच बाहेर पायरीवर, एका कडेला, बाबांचे बूट आणि सासूबाईंचे साडीखाली घालायचे स्पोर्ट्स शूज जोडीने लावून ठेवले होते. मी ‘एक मिनिट’ म्हणेपर्यंत गाईड बाईंनी घड्याळ बघून दार लावलं आणि किल्ली फिरवली. फेरी सुरू झाली होती, आता दार उघडणार नाही. शेवटी दोघांनी ते सपाते मोज्यांवरच चढवले आणि फरफटत निघाले. आमच्या कार्टीने तोवर हॉलमध्ये स्केटिंग सुरू केलं होतं.

पुढचा तास मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. बाईंनी सुरुवात केली ती छपरापासून. छपराचं लाकूड, लाकडाला लागलेली वाळवी, दुरुस्तीला लागणाऱ्या परवानग्या. नमनालाच घडाभर तेल. मी भाषांतर करत होते आणि बाबा मान डोलवत होते; पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. ते मोजत होते. दारातून ड्रॉइंग रूम किती लांब, तिथून जेवणाची खोली कुठल्या हाताला. त्यांचे ओठ हलत होते.

फायरप्लेस आली. ती लाकडी फळीने बंद केलेली आणि तिच्यापुढे आग विझवायचं लाल सिलिंडर ठेवलेलं. आगीचे नियम म्हणे. लायब्ररी आली. तिला कुलूप. भिंतीला ओल आली म्हणून सगळी पुस्तकं प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली होती, दाराच्या काचेतून काय दिसेल ते बघा. बाबांनी काचेला नाक लावून बघितलं. मग जिन्यापाशी ते थबकले.

‘उजवीकडे आहे,’ ते हळूच म्हणाले.

‘काय?’

‘जिना. मी कायम डावीकडे काढायचो.’

एका कानात बाई हीटिंगच्या पाइपांबद्दल बोलत होत्या, मुलगी गालिच्याच्या दोरीखालून पलीकडे जायच्या बेतात होती, नवरा फोनवर ऑफिसची मेल वाचत होता. माझा तोल गेला. ‘अहो बाबा, जिना कुठेही असतो हो! प्रत्येक घराचा वेगळा असतो. त्या पोरांना काय फरक पडणार आहे आता?’

जरा जोरातच म्हटलं मी. बाईसुद्धा बोलायच्या थांबल्या.

‘हरकत नाही,’ बाबा म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी मोजणं बंद केलं. मान खाली घालून, सपाते ओढत, ते सगळ्यांच्या मागून येत राहिले. मला स्वतःचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या घराचा आला आणि तीनशे वर्षांपूर्वी का दोनशे वर्षांपूर्वी माहेरच्या आठवणीने अडून बसलेल्या त्या इंग्रज बाईचाही आला.

फेरी संपली ती घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघरात. तिथे दुसरी पेटी होती. सपाते त्यात टाकायचे आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. पुढचं दार आता पुढच्या रविवारी उघडणार. म्हणजे बूट घराच्या एका टोकाला, पुढच्या पायरीवर, आणि आम्ही दुसऱ्या. मधे घराला वळसा घालून जाणारी टोकदार खडीची वाट आणि तिच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यापासून थेट पुढपर्यंत पसरलेलं ते लॉन.

दुष्काळात तेरावा महिना तो हा. बाबांना डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं होतं, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. पायाला जखम झाली तर भरणार नाही. घरातसुद्धा ते स्लिपर घालून फिरायचे. सासूबाई दारापाशीच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी पाय वर घेतले.

‘जा, पळत जाऊन बूट घेऊन ये,’ मी नवऱ्याला सांगितलं. ‘आणि बाबा, तुम्ही आईंच्या शेजारी बसा. तो आणतोय.’

‘नको,’ बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘नको म्हणजे? अहो, दोन मिनिटांत येईल तो.’

‘त्याने बूट आणायला माझी हरकत आहे.’

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या मागे सासूबाई पुटपुटल्या, ‘झालं. चढलं यांच्या डोक्यात.’

बाबा गाईड बाईंकडे वळले. त्या कुलूप लावत होत्या. बाबांनी शर्ट नीट केला आणि वर्गात बोलायचे तशा, एकेक शब्द सुटा करत म्हटलेल्या इंग्लिशमध्ये त्यांना विचारलं, मॅडम, मी आपल्या लॉनवर थोडा वेळ उभा राहिलो तर आपली परवानगी असेल का? मी शिक्षक होतो. मी आयुष्यभर मुलांना हे लॉन शिकवलं आहे.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी पाटीकडे बघितलं, बाबांच्या मोज्यांकडे बघितलं. या देशात मी इतकी वर्षं काढली आहेत, आता नियमाचं कलम ऐकायला मिळणार म्हणून मी मनाची तयारी केली.

‘आउसनाम्सवाइज,’ त्या म्हणाल्या. अपवाद म्हणून. जर्मन भाषेतला हा सगळ्यात दुर्मीळ शब्द आहे आणि तो मिळवायला मी ऑफिसांच्या दारात तासन् तास बसले आहे.

बाबा वाकले आणि मोजे काढू लागले.

‘बाबा, मोजे नका काढू!’ मी ओरडले. ‘आई, तुम्ही तरी सांगा. अहो, काटा असेल, काच असेल. गुरुवारी विमानात बसायचंय, पायाला काही झालं तर?’

‘मोजे घालून काय कळणार गं?’ त्यांनी मोजे घडी करून खिशात ठेवले आणि लॉनवर पाय टाकला.

मी नवऱ्याला ढकललं, ‘तू बूट आण आधी,’ आणि तो खडीवरून पळत सुटला. मी लॉनच्या कडेला उभी राहिले. मला परवानगी नव्हती. त्या उन्हाळ्यात तिकडे पाऊसच झालेला नव्हता, गवत पिवळट पडलं होतं आणि आदल्याच दिवशी कापलेलं असावं. बाबा जपून, एकेक पाऊल उचलत मधोमध गेले. तिथे दोन्ही पाय जुळवून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मुलगी माझ्याजवळ येऊन जर्मनमध्ये विचारत होती, आजोबा काय करतायत? मी तिला म्हटलं, ‘गप उभी राहा.’

वेळ गेला. नवरा दोन्ही जोड्या हातात धरून, धापा टाकत, वळसा घालून परत आला. तरी बाबा तसेच.

‘बाबा!’ मी हाक मारली. ‘कसं वाटतंय?’

त्यांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं लागलं पायाला.

‘टोचतंय गं,’ ते म्हणाले.

‘सांगितलं होतं मी! या इकडे, या आधी.’

‘अगं, नुसतं टोचतंय. मऊ नाहीच आहे.’ ते हसायला लागले. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, मग पुन्हा पुसले, आणि शेवटी पुसत नुसते उभे राहिले. ‘मुरमात उभी असायची पोरं. उन्हात. दर वर्षी, अख्खा वर्ग. एकाने तरी म्हणावं, सर, टोचतंय. आणि मला वाटायचं, काय झकास शिकवतो मी!’

गाईड बाई किल्ल्या मुठीत धरून उभ्या होत्या. बाबांनी चष्मा लावला आणि मुलाकडे बघितलं.

‘काय रे? तू पण होतास की त्यात. तुला कसं लागायचं?’

नवऱ्याच्या दोन्ही हातांत बूट होते. खूप चटके बसायचे, पाय आळीपाळीने उचलावे लागायचे, सर डोळे मिटून असायचे म्हणून त्यांना दिसायचं नाही, असं त्याने मला लग्नानंतर लगेच, हसत हसत सांगितलं होतं.

‘मऊ,’ तो म्हणाला, आणि बाईंची परवानगी न विचारता बूट घेऊन हिरवळीवर गेला.